लाडीला माझा लळा कसा लागला

जळगाव,
संवत्सरीनंतरचा दिवस

प्रिय योगराज,

चंपालालचा जय जिनेंद्र आणि गळाभेट. तुझे गुडघे, वहिनींचा दमा आणि धुळ्याचा नळ यांपैकी सध्या काय काय चालू आहे ते कळव. (माझे गुडघे चालत नाहीत, बाकी मी चालतो.) आमच्या नातवानं, रोनकनं, पुण्याहून क्षमापनेचा निरोप मोबाइलवर सोडला, एका बोटात चारशे जणांची माफी! तुला मात्र शाईनंच लिहितो. जामनेरच्या शाळेत कविता म्हणताना माझा गळा भरून आला की बाकाखालून चिमटा काढणारा तू. तुझ्यापुढं मोबाइलचा निरोप काय टिकणार?

तुझी प्रेमकुंवरवहिनी गेली त्याला दोन वर्षं झाली. मागं मी राहिलो आणि तिची मांजर, लाडी. घरात दोघंच, पण बोलणं नाही. मी दूध ठेवायचो, ती मी खोलीबाहेर गेल्यावर प्यायची. (आपल्या आया सासऱ्यांसमोर पाणी प्यायच्या नाहीत, तशी.) जेठात तिला खाज सुटली. मान ओरबाडून काढली, पाठीवरचे केस गेले, खपल्या धरल्या. घरकामाला येणारी भिकुबाई म्हणाली, "आबा, दवाखानामा लई जा, नईतर हाई सोताले सोली टाकी."

नेली. डॉक्टर दिपमाला माझ्या नातीच्या वयाच्या. पिसवांमुळं खाज आहे म्हणाल्या, मानेवर सोडायचे थेंब दिले आणि तूर्त आराम पडावा म्हणून स्टेरॉइडचं इंजेक्शन टोचलं. त्याचे परिणाम काय होतात तेही त्यांनी नीट समजावलं म्हणे. मी त्या वेळी खिडकीबाहेरच्या निंबाकडं बघत होतो, एक ओळ जुळत होती:

नको दूर जाऊ, जरा बैस येथे
तुझ्या पावली सांज दारात येते

(यमक लंगडं आहे. गुरुजींनी कान पिळला असता. पण भुजंगप्रयात चोख आहे, मोजून बघ.)

आणि योगराज, ओळ फळली! तीन दिवसांत खाज बंद, आठवड्यात लव फुटली आणि लाडी माझ्यामागं फिरू लागली. मी देवपूजेला, ती मागं. मी दाढीला, ती आरशासमोर. पायात घोटाळते, हाक मारते, डोळ्यांत बघते. मी सूर्यास्ताआधी जेवून मोकळा होतो, पण लाडीचा सूर्य मावळायलाच तयार नाही. दूध, पोळी, पुन्हा दूध. पाणी इतकं प्यायची की माठ दोनदा भरावा लागे, आणि ते सगळं तिनं आजोबांच्या वेळच्या पांढऱ्या गादीवर सोडलं. (तीन पिढ्या ज्या गादीवर बसल्या, ती आता गच्चीवर वाळते आहे.) पोट असं सुटलं की सावद्याहून केळी भरून निघालेला ट्रकच. भिकुबाई कपाळाला हात लावून म्हणाली, "बठ्ठं दूध पी गई! आबा, हाई मांजर शे का म्हैस शे?" मी म्हटलं, भिकुबाई, ही माया आहे. दोन वर्षांनी का होईना, तिला कळलं की या घरात मीही आहे.

खाज परत आली म्हणून आषाढात दुसरं इंजेक्शन झालं, श्रावणात तिसरं. गेल्या आठवड्यात लाडी मागच्या पायांनी लटपटू लागली. डॉक्टरांनी रक्त तपासलं. साखर वाढली आहे. मी म्हटलं, पण तिचा माझ्यावर किती जीव जडलाय! ती मुलगी हळूच म्हणाली, "आजोबा, ती भूक आहे. इंजेक्शनची. मी सांगितलं होतं."

खिडकीबाहेर निंब होताच. पण ओळ सुचली नाही.

आता इंजेक्शन बंद. ठेवलं बंद, तर साखर उतरेल. पुन्हा टोचलं, तर इन्सुलिनची रोजची सुई जन्माची, आणि तीही पुरेल असं नाही.

असो. मुलाबाळांना आशीर्वाद.

तुझा,
चंपालाल

ता. क. काल प्रतिक्रमणात सगळ्या जिवांची क्षमा मागताना मला पुढं जाताच येईना. तुला सांगतो. दुसऱ्या वेळी खाज होती. तिसऱ्या वेळी नव्हती. भूक ओसरली होती, लाडी पुन्हा कपाटावर जाऊन बसली होती, माझ्याकडं पाठ करून. मी डॉक्टरांना सांगितलं, रात्रंदिवस खाजवते हो.

दुसरा ता. क. औषधाचा अंमल अजून महिनाभर राहील, मग उतरेल आणि लाडी पुन्हा कपाटावर जाऊन बसेल. तेव्हा आठ-पंधरा दिवस इकडं ये ना. जळगावात दवाखाने पुष्कळ आहेत आणि मला खोटं बोलता येतं, हे आता मला ठाऊक झालंय.

तिसरा ता. क. गुडघ्यांमुळं येणं जमत नसेल, तर रोज संध्याकाळी फोन कर. कविता नको, प्रकृती नको. "नेली नाहीस ना?" एवढंच विचार. मी नाही म्हणेन. ते खरं की खोटं, हे तुला आवाजावरून कळेल; दुसऱ्या कुणाला आता कळत नाही.