पटर, याळीच्या तोंडाचा

३ जानेवारी १९२७, सोमवार
आज कलेक्टर साहेबांनी कचेरीत विचारलं, गोल्फ कोणाला येतं? इंजिनियर साहेब विलायतेला गेले, त्यामुळे चौथा गडी हवा आहे. वेंकटराव मान खाली घालून लिहीत राहिला. मी उठून म्हटलं, मला येतं, सर. येत नाही. पण खेळ बावीस तारखेला आहे. पापनाशमची तहसीलदारी रिकामी आहे आणि हेड क्लार्क आम्ही दोघंच, मी आणि वेंकटराव. मैदानावर साहेबांबरोबर दोन तास चाललो की काम झालं. पापनाशम म्हणजे विशालाक्षीचं माहेर. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, दर वर्षी ती एकदा विचारते, तिकडे बदली कधी? या वेळी मीच आपण होऊन सांगितलं. तिनं लगेच आईला पत्र घातलं, घर बघून ठेव.

४ जानेवारी
मैदानाच्या कडेला उभं राहून खेळ पाहिला. सोपा आहे. लांबून मारत मारत बॉल आणायचा आणि शेवटी तेल घातलेल्या वाळूवर एका आखूड काठीनं हळूच भोकात ढकलायचा. त्या काठीला पटर म्हणतात. फाइल कुठूनही फिरून येवो, किंमत शेवटच्या सहीला. संकल्प: बाकीच्या काठ्यांत वेळ घालवायचा नाही. पटर उत्तम निवडायचा.

७ जानेवारी, सकाळी ६
इंजिनियर साहेबांच्या सामानाच्या लिलावातून लोखंडी पटर आणला. बॉल मिळाला नाही, म्हणून लिंबू. चौकात तांब्या आडवा ठेवला. चाळीस टोले, आत एकही नाही. लिंबू डावीकडे वळतं. पटर सदोष. विशालाक्षी म्हणाली, लिंबाला एका बाजूला टोक आहे, ते कसं सरळ जाईल? तिला यंत्रातलं कळत नाही.

११ जानेवारी
मद्रासच्या दुकानातून पितळी पटर आला. आता लिंबू उजवीकडे वळतं. परत पाठवला, सोबत कडक इंग्रजीत पत्र. मार खाल्लेली लिंबं टाकवत नाहीत, म्हणून आज चौथ्यांदा लिंबाचा भात, चित्रान्न.

१२ जानेवारी
विलायती पटर आपल्या हाताला मानवत नाहीत, हे आता सिद्ध झालं. तंजावरात वीणा करणारे असताना मद्रासला लिहिलंच कशाला? गोविंदसामी आसारींकडे गेलो. फणसाचं लाकूड त्यांनी बोटानं ठोकून, कान लावून ऐकलं. म्हणाले, नाद मी देईन अय्या, नेम तुमचा तुम्ही आणा. कारागीर मंडळी जरा फटकळच.

१४ जानेवारी, पोंगल
सराव नाही. सण.

१५ जानेवारी
सराव नाही. काल जेवण जास्त झालं. सासूबाईंचं पत्र आलं. स्टेशनजवळ घर पाहिलं आहे, विहीर मागच्या दारी. विशालाक्षीनं ट्रंक भरायला घेतली. मी म्हटलं, अजून हुकूम नाही. ती म्हणाली, तुम्ही म्हणालात ना, काम झालं म्हणून?

१९ जानेवारी
पटर तयार. वीणेला असतं तसं याळीचं तोंड, सिंहासारखं, दात दाखवणारं. टोला मारला की गोड आवाज येतो. लिंबू तरीही वळलं, पण गोड आवाज करत वळलं. विशालाक्षीनं रेशमी खण फाडून गवसणी शिवली. शिवताना म्हणाली, मला बघायला आलात तेव्हा सोज्जीचा शिरा संपायच्या आत हो म्हटलंत, या काठीला पंधरा दिवस?

२२ जानेवारी, शनिवार, रात्री ९
दगा झाला. पहिला टोला लांबचा असतो हे ठाऊक होतं, पण तो कोणीतरी मारून देईल असं मी धरून चाललो होतो. कचेरीत मसुदा दुसरा लिहितो, सही वरचा करतो. इथे तशी व्यवस्था नाही. साहेबांनी आपली काठी दिली. सात वेळा हवाच लागली. आठव्याला बॉल कालव्यात. साहेब शांतपणे म्हणाले, सीतारामराव, तुम्ही आमच्याबरोबर नुसते चाला. चाललो. पटर गवसणीतच राहिला.

शेवटी साहेबांनी विचारलं, त्यात काय आहे? काढून दिला. त्यांनी तीनदा मारला, तिन्ही वेळा भोकात. हसले, आवाज पुन्हा ऐकला आणि बंगल्यात टांगायला ठेवून घेतला. म्हणजे माझी निवड चुकली नव्हती. पापनाशम पक्कं.

२९ जानेवारी, शनिवार
हुकूम निघाला. पापनाशमला वेंकटराव. गेल्या शनिवारी तो कचेरीत बसून कालव्यांचा सगळा तक्ता पुरा करत होता म्हणे. खेळातलं त्याला काही कळत नाही, हे मी मुद्दाम नमूद करतो. मलाही हुकूम आहे. साहेबांच्या भावाला तसाच पटर हवा, आसारींकडे जाऊन मी निवडून आणायचा.

विशालाक्षीनं ट्रंकेतली लुगडी एकेक काढून फळीवर ठेवली. संध्याकाळी वेंकटरावची बायको कनकलता आली. स्टेशनजवळचं घर आता ते घेणार आहेत. तिनं विचारलं, विहिरीचं पाणी कसं असतं, अक्का? विशालाक्षी म्हणाली, गोड आहे, डाळ लवकर शिजते.

मी जेवलो नाही. इतके दिवस लिंबू जास्त झालं असावं.