सगळ्यांचं आडनाव बाई

मंगळवार संध्याकाळ, ओंगार, डब्लिन

रेवाचं शाळेचं पोस्टर झालं. एकोणिसाव्या शतकात मतदानाचा हक्क मागणाऱ्या आयरिश स्त्रिया, आणि शेजारी मुलींच्या शाळा काढणाऱ्या आपल्याकडच्या. त्या माझ्या आग्रहामुळे. कॉलेजात न जाता वाचलंय मी हे सगळं. पण पोरीनं आपल्याकडच्या प्रत्येकीचं नाव तोडून पुढे वेगळं ‘बाई’ लिहिलं होतं.

“बाबा, वेअर दे ऑल सिस्टर्स? सगळ्यांचं सरनेम सेम आहे!”

हसू आवरेना. म्हटलं, अगं, ते आडनाव नाही, मान आहे. नावाला जोडून लिहायचा. जोडूनच.

“ग्रँड,” असं इथल्या पोरांचं ‘बरं’ म्हणत ती खोडायला लागली. मग मध्येच, “डिड वी हॅव वन?”

“होती की. तुझी आजी. आम्ही भावंडं तिला आई म्हणत नसू, बाईच म्हणायचो.”

ती गेल्यापासून हा शब्द हाक म्हणून तोंडातून निघालेला नाही. इथे हाक मारणार तरी कुणाला?

रेवानं म्हणून पाहिलं, “बाय.” निरोप घेतल्यासारखं.

“परत म्हण,” मी म्हटलं.

तिला वाटलं, मी उच्चार सुधारतोय.