उकंडरावाच्या परवानगीशिवाय

मी, पद्माबाई हिरासिंग आडे, वय अडुसष्ट, राहणार घर नंबर चार, सुवर्णबाग, वारंगा फाटा, ता. कळमनुरी, जि. हिंगोली, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. दबाव कुणाचा नाही. उकंडराव बिल्डर इतकी वर्षं दबाव टाकून राहिला, मी जुमानला नाही.

१. सुवर्णबागेतली घरं केव्हाच विकून झाली, तरी उकंडरावाने आमची सोसायटी नोंदवली नाही. गेटची चावी, पाण्याची मोटर, मोकळी जागा, सगळं त्याच्याच हातात. अंगणात पापड वाळवले तर दंड. वर करारात कलम, की सोसायटी होईपर्यंत त्याच्या ना-हरकतीशिवाय घर विकायचं नाही.

२. फाट्यावरचं खिचडीचं हॉटेल मी आणि फातिमाबीने मिळून चालवलं. चुलीपुढं दोघी सारख्याच भाजलो. ती गेल्यावर तिची लेक सबीहा हिला हे घर विकायचं ठरवलं. उकंडराव म्हणाला, "बाई, ते लोक इथं नको. बाकीच्यांना तकलीफ होते." मी दारोदार जाऊन विचारलं. तकलीफ कुणालाच नव्हती, पण त्याच्यापुढं बोलायला कुणी तयार नव्हतं.

३. म्हणून घर नंबर चार, पापडाच्या बाजेसकट, सबीहाला या मृत्युपत्राने देते. विकायला उकंडरावाची परवानगी लागते, मरायला लागत नाही. वकिलाला दोनदा विचारून घेतलं आहे. सोसायटीसाठी भांडायचा हक्कही तिलाच. तो तिने वापरावा.

४. तांड्यावरची जमीन व बँकेतली ठेव मुलगा कुलदीप याला. घराचं त्याला आधीच सांगितलं. म्हणाला, "याडी, मी फातिमाबीच्या हातचं खाऊनच मोठा झालो." लेकरू माझ्यावर गेलं.

५. मयत मागच्या दाराने न्यायचा नियम उकंडरावाने केला आहे. माझी तिरडी मोठ्या गेटातूनच काढावी.

६. शेजारी रामप्रसाद घरी येऊन म्हणतो, "ताई, तुमचं बराबर आहे." बैठकीत मात्र मान खाली. त्याला माझी प्लास्टिकची खुर्ची. बसून विचार करावा.

७. सही करायच्या वेळी वाढवलेलं : दुसरा साक्षीदार मिळेना. शेवटी रामप्रसाद आपणहून आला. विचारलं, "उकंडरावाला माझं नाव दिसंल का?" मी म्हटलं, "व्हय, दिसंल." त्याने पेन मागितला. कलम सहा रद्द.

ठिकाण : वारंगा फाटा
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५
सही : पद्माबाई हिरासिंग आडे

आमच्यासमक्ष सही झाली :
१. डॉ. शिला पवार, वारंगा फाटा
२. रामप्रसाद घुगे, घर नंबर पाच, सुवर्णबाग (घर नंबर त्यानेच घालायला लावला)