तुरीच्या तासात लपलेली मुलगी

बाई, आज सकाळी प्रार्थनेच्या तासभर आधी शाळेच्या फाटकाशी एक मुलगी येऊन उभी राहिली. नववीतली, एकोणीस दिवसांनी आलेली. दप्तर पोटाशी घट्ट धरलेलं. मी हातातला चहा तसाच खिडकीत ठेवला आणि धावत गेले. "हळू मॅडम, पडसान," शिपाईकाका ओरडले. पण धावले. आणि धावताना तुमची आठवण आली, म्हणून लिहायला बसले आहे.

तुम्ही गेलात त्याला बरीच वर्षं झाली. आमच्या शाळेत आता माझ्यासारख्या दोघी आहेत, हे तुम्हाला कळायचं कारण नाही. आम्हाला ना वर्ग, ना विषय. जे मूल यायचं थांबलं त्याच्या घरी जायचं आणि ते आलं की इतरांच्या बरोबरीला येईपर्यंत त्याच्या शेजारी बसायचं. दिवसभर एवढंच काम. "मंग तू शाळेत करून काय राह्यली?" असं काकू अजून विचारते. मी सांगते, "शिकवतो, पण एकेकाले." तुम्ही हेच काम सगळे तास घेऊन झाल्यावर, उरल्यासुरल्या वेळात, सायकल हाकत करत होतात. माझी ती पूर्णवेळ नोकरी आहे. कधी कधी वाटतं, तुमचा तो उरलासुरला वेळच कुणीतरी माझ्या नावावर लावून दिला.

मी सातवीत होते. आईला ताप आला म्हणून कापसाच्या वेचणीत चार दिवस काकूसोबत शेतात गेले. आई बरी झाली, पण मी शाळेत गेले नाही. घरचं कुणी अडवत नव्हतं. वर्गात अपूर्णांकांचा भागाकार सुरू झाला होता आणि मला तो येत नव्हता. चाराचे नऊ दिवस झाले. शाळा एका दिवसात सुटत नाही बाई, हे मी आता रोज बघते. आधी दोन दिवस चुकतात, मग फळ्यावरचं कळेनासं होतं, मग ते कुणाला दिसू नये म्हणून आणखी दोन दिवस. दाराशी कुणी उभं नसतं, तरी मूल आत जाऊ शकत नाही. आत जायची लाज वाटते.

दहाव्या दिवशी दुपारी शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच्या वाटेला, तुमची सायकल दिसते आणि मी कापसातून उठून कपाशीच्या ओळींमधल्या तुरीच्या तासात, त्या दाट ओळीत, शिरते. तुरी माझ्याहून उंच, पिवळ्या फुलांनी आणि हिरव्या शेंगांनी भरलेल्या.

"काऊन हो, पोरगी कुठी आहे?" तुम्ही काकूला विचारता.

"आताच तं होती इथं, बाई," काकू म्हणते आणि पदर तोंडाला लावते.

तुम्ही तुरीकडे बघतही नाही. काकूकडून एक फडकं मागून घेता, कमरेला ओटी बांधता आणि सरळ वेचायला लागता. कापसाबरोबर वाळला पाला, काड्या, बोंडाची टरफलं, सगळं ओटीत. वेचणाऱ्या बाया हसून हसून खाली बसतात.

"बाई, हा कापूस हाय का बकरीचा चारा?"

"तुमी आपल्या फळ्यावरच बऱ्या!"

तुमचं चालूच. शेवटी एक फांदीच कडकन मोडता, तेव्हा मला राहवत नाही. "तसा नाई वेचत, बाई! पाला लागते त्याले!" मी तुरीतूनच ओरडते आणि ओरडत बाहेर येते. केसांत तुरीची फुलं.

तुम्ही शांतपणे ओटी माझ्यापुढं धरता. "मंग कसा वेचतात? दाखव."

मी दाखवते. आपण दोन तासं जोडीनं वेचतो. निघताना तुम्ही म्हणता, "आज तू मले शिकवलं. उद्या प्रार्थनेच्या आधी येजो, मी तुले शिकवतो. मले पाला आला तं तुमी साऱ्या हासल्या. तुले भागाकार चुकला तं मी हासन. फिट्टंफाट." मग सायकलवर टांग टाकता टाकता आवाज चढवून, "अन् पुन्हा लपली तं याद राख. रोज रोज साडी खराब करत नाई मी!"

दुसऱ्या दिवशी मी मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगा घेऊन आले. शाळेच्या ओट्यावर बसून तुम्ही एका शेंगेचे दोन तुकडे केलेत आणि विचारलंत, "अर्ध्या शेंगेत पाव शेंग किती डाव बसते?" दोन डाव, मी म्हटलं. "झाला की भागाकार," असं म्हणून तुम्ही तो खाऊन टाकलात. तेरा सकाळी आपण असे भागाकार खाल्ले. चौदाव्या सकाळी मी वर्गात बोट वर केलं.

आज आलेल्या मुलीच्या आईचं गिरडला दर्ग्याच्या टेकडीच्या पायथ्याशी फुलांचं दुकान आहे. आईचा पाय मुरगळला म्हणून मुलगी दुकानात बसली. पाय बरा झाला तरी ती उठली नाही. "येत असन तं न्या मॅडम, मी कुठं अडवतो? थेच नाई म्हणते," आई म्हणाली. दोनदा गेले, दोन्ही वेळा मुलगी मागच्या पडद्याआड. पुढच्या आठवड्यात सहामाही आहे. सहामाही चुकली की मूल सहसा परतत नाही, हे मी फार वेळा पाहिलंय.

काल तिसऱ्यांदा गेले. तुमची युक्ती मनात धरूनच गेले होते. टोपलीतले गुलाब पुढ्यात ओढले, सुई-दोरा घेतला आणि बसले ओवत. पाकळ्या गळाल्या, दोऱ्याचा गुंता झाला, सुई बोटात गेली. पडद्याआडून आधी खुदखुद ऐकू आली, मग आवाज, "मॅडम, राहू द्या! चुराच करून राह्यल्या तुमी फुलायचा!"

बाहेर आली. माझ्या हातातून सुई घेतली, देठाच्या वर कुठं टोचायचं ते दाखवलं. मग माझ्याकडं निरखून पाहत म्हणाली, "खरं सांगा मॅडम. येत नाई, का सोंग करून राह्यल्या?"

"खरंच येत नाई," मी म्हटलं. सोंग करायला गेले होते, पण सोंगाची गरजच पडली नाही!

"मंग उद्या येतो. पण सगळ्यायच्या आधी."

आज तिला पहिलं समीकरण माझ्या मदतीनं सुटलं, दुसरं तिचं तिला. "आलं!" म्हणून तिनं बाकावर अशी थाप मारली की शिपाईकाका डोकावून गेले. प्रार्थनेची घंटा झाली तेव्हा ती उठून आपणहून रांगेत गेली. मी खिडकीतला गार चहा पीत बघत राहिले.

हे पत्र वहीतच राहणार, म्हणून एक सांगून टाकते. तिनं काल विचारलं ते मला त्या दिवशी तुम्हाला विचारायची गरज नव्हती. बाया अजून वळल्या नव्हत्या, तेव्हा पहिली चार बोंडं तुम्ही दोन्ही हातांनी, पाल्याचा कणही न लागू देता वेचली होती. मग आठवल्यासारखं थांबलात आणि ओरबाडायला लागलात. मी तुरीच्या फटीतून सगळं पाहिलं होतं, बाई. तरी ओरडत बाहेर आले. नऊ दिवस मी धुऱ्याकडं बघत बघतच कापूस वेचत होते.