सत्तर फूट शहाणपण

३ मार्च १९९८, मंगळवार
बोट घेतली. लांबी सत्तर फूट, रुंदी सात. कोळसा वाहून म्हातारी झालेली, पण बांधा अस्सल. नाव 'प्रूडन्स', म्हणजे शहाणपण. हा शकुनच समजतो.

बायकोला, बेरिलला, अजून कळवलेलं नाही. ती फेब्रुवारीत चार दिवसांसाठी म्हणून बहिणीकडे, डोरीनकडे, स्किप्टनला गेली ती तिथेच आहे. डोरीनच्या परसामागूनच कालवा जातो. योजना साधी आहे. बोट दुरुस्त करायची, जूनमध्ये थेट तिच्या परसामागे नेऊन उभी करायची आणि भोंगा वाजवायचा. बेरिल एप्रनसकट बाहेर येईल. पुढचं आपोआप.

संकल्प: रोज सहाला उठणे.

५ मार्च, गुरुवार
साडेआठला उठलो. थंडी फार.

बोटी दुरुस्त करणाऱ्या कोकलीच्या यार्डात बोट पाण्याबाहेर काढून सर्व्हेअरला दाखवली. त्याने तळाला कसलंसं यंत्र लावलं आणि म्हणाला की मधल्या भागात पत्रा फार झिजलाय, नवा पत्रा चढवा. मी हसलो. एकतीस वर्षं मी बशांच्या कारखान्यात तपासनीस होतो. बशीवर टिचकी मारून, नुसत्या आवाजावरून तडा ओळखायचो. चहाचा चमचा घेऊन तळ वाजवत टोकापर्यंत गेलो. खणखणीत. सर्व्हेअरने कोकलीकडे पाहिलं, कोकलीने स्वतःच्या बुटांकडे.

डांबराचे दोन हात दिले की झालं.

१५ मार्च, रविवार
पुलाजवळच्या टेलिफोन बॉक्समधून बेरिलला बातमी दिली. ती बराच वेळ गप्प होती. आनंदाने बोलती बंद होते ती अशी. मग म्हणाली, विल्फ, मी इथे का आले ते तुला ठाऊक आहे ना? मी म्हटलं, हो, डोरीनचे गुडघे. ती म्हणाली, डोरीनचे गुडघे ठणठणीत आहेत. तेवढ्यात नाणी संपली. खिशात आणखी होती, पण विषय संपल्यासारखा वाटला.

संकल्प: सहाचं साडेसात करणे. जमेल तेच ठरवावं.

१२ एप्रिल, ईस्टर
बेरिल पूर्वी एकदा म्हणाली होती की बोटीत राहणारी माणसं आंघोळ कुठे करतात देव जाणे. लक्षात ठेवलं होतं. काल बाथटब बसवला. बिडाचा, सिंहाच्या पायांचा. बोटीच्या बरोबर मध्यावर, डाव्या अंगाला. चार माणसं लागली.

त्यामुळे बोट डावीकडे कलली. कोकलीला म्हटलं, वारा आहे. तो म्हणाला, असेल राव, पण पाणी तर आरशासारखं आहे. मग उजवीकडे फरशीखाली फुटपाथच्या लाद्या भरल्या. आता ती उजवीकडे कलते. पहिल्यापेक्षा कमी.

आज सकाळी बेरिलनेच यार्डाच्या ऑफिसात फोन केला. ईस्टरच्या जेवणाला येतोस का, डोरीनने कोकराची तंगडी भाजायला घातली आहे, ट्रेनने तीन तास लागतात. मी समजावून सांगितलं की ट्रेनने कुणीही येईल. ती म्हणाली, कुणी नको होतं, तू हवा होतास. मी बाथटबाचं माप सांगितलं. ती म्हणाली, बरं.

जेवायला ओटकेक, म्हणजे ओटच्या पिठाची धिरडी, आणि चीज. विशेष काही वाटलं नाही. झोप चांगली लागली.

९ मे, शनिवार
घर भाड्याने दिलं. जोडपं तरुण आहे, बागेचं वाटोळं करणार. मी बोटीवर राहायला आलो. आता माघार नाही.

बेरिलने स्किप्टनला कापडाच्या दुकानात काम धरलंय. बाजाराच्या दिवशी पायाचे तुकडे पडतात म्हणाली, पण आवाज हसरा होता. माझी वाट बघताना वेळ जावा म्हणून माणूस काहीतरी करणारच.

संकल्प: उठण्याची वेळ न ठरवणे. बोटीवरचं आयुष्य मोकळं असतं.

१४ जून, रविवार
इंजिन सुरू झालं. यार्डभर काळा धूर. कोकलीने वाळत घातलेले कपडे आत नेले, मग चहा घेऊन आला आणि विचारलं, कुणीकडे निघालात? मी म्हटलं, स्किप्टन. त्याने कप खाली ठेवला.

म्हणाला, राव, घेण्याआधी कुणाला विचारलं होतं का? तिकडची लॉकं, बोट वर चढवायचे ते दगडी हौद, आखूड आहेत. बासष्ट फूट. त्या लोकांच्या बोटी पहिल्यापासून ठेंगण्या आणि जाड्या. तुमची सत्तर फुटी आत घातली, तर मागचा दरवाजा लागणार कसा? आणि दरवाजा लागला नाही तर पाणी चढणार कसं?

मी म्हटलं, मतमतांतरं असतात. तो म्हणाला, माझं मत नाही हो, दगडी बांधकाम आहे.

१६ जून, मंगळवार
कालव्यांच्या कार्यालयात फोन केला. बाईंनीही बासष्टच सांगितले. तिरकी घातली तर? त्या म्हणाल्या, तिरकी घाला, आडवी घाला, सत्तर फूट जाणार नाही.

लोक फार लवकर हार मानतात. पुठ्ठ्याचं लॉक तयार केलं, अगदी प्रमाणात. बोट म्हणून लांबट बिस्कीट घेतलं. सरळ नाही, तिरकंही नाही. सात बिस्किटं खाल्ली. आठव्याचा तुकडा मोडला आणि ते अलगद आत बसलं.

बोट कापायची. दहा फूट. इतकं सोपं.

१८ जून, गुरुवार
कोकलीला बिस्कीट दाखवलं. म्हणाला, बोटी कापतात, नाही असं नाही, आम्हीच दोन कापल्यात. पण नाक आणि शेपूट गोलाईत असतात, त्यांना हात लावता येत नाही. कापायचं तर पोट.

पोटात बाथटब आहे.

रात्री विचार केला. बोट डोरीनच्या परसामागेच उभी राहणार. डोरीनकडे बाथरूम आहे. म्हणजे बेरिलला टब लागणारच नाही. उलट जागा वाचली. एखादी गोष्ट जमू लागली की सगळंच जमत जातं.

२६ जुलै, रविवार
क्रेनने बोट यार्डात काढली. परवा कापली. आवाज वाईट होता. आता नाक एकीकडे, शेपूट दुसरीकडे आणि मधला तुकडा टबासकट कुंपणाजवळ.

बेरिलला सांगितलं की आता साठ फूट झाली, ऑगस्टमध्ये नक्की. ती म्हणाली, विल्फ, येऊ नकोस. मी म्हटलं, दहा फूटच कापलेत, बाकी सगळं शाबूत आहे. ती म्हणाली, ऐकतोयस का मी काय म्हणतेय? मी म्हटलं, लाइन खराब आहे.

लाइन ठीक होती. तिकडे टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती.

२९ ऑगस्ट, शनिवार
नाक आणि शेपूट समोरासमोर आणून कोकलीने जोडायला घेतलं. वेल्डिंगची ज्योत लावली की पत्र्याला भोक. भोक बुजवायला गेला की शेजारी दुसरं. दुपारपर्यंत तळाची चाळणी झाली. शेवटी डोळ्यांवरची काच वर करून म्हणाला, राव, इथे जोडायला काही उरलेलंच नाही.

चमचा घेऊन पुन्हा वाजवून पाहिलं. मला अजूनही खणखणीतच ऐकू येतं.

२० सप्टेंबर, रविवार
दोन्ही अर्ध्या बोटी गळतात. मी मधल्या तुकड्यात राहतो. दोन्ही उघड्या बाजूंना ताडपत्री. टबात गादी घातली तर थोडं पाय दुमडून झोपता येतं. यार्डातले लोक येता-जाता ताडपत्रीवर टकटक करून विचारतात, काय कॅप्टन, कुठवर पोचलात? मी हात हलवतो.

खरं तर बरं-वाईट काहीच वाटत नाही. भूक लागते, जेवतो. पाऊस पडतो, ऐकतो.

वसंतात नवा पत्रा. हा संकल्प नाही, नुसतं लिहून ठेवलं.

१८ ऑक्टोबर, रविवार
बेरिल आली. न कळवता. निळा नवा कोट, केस कापलेले. कोकलीने लांबूनच कुंपणाकडे बोट दाखवलं आणि आत निघून गेला.

ताडपत्री वर करून आत आली, बसायला दुसरं काही नव्हतं म्हणून टबाच्या काठावर बसली. म्हणाली, टब छान आहे. मी म्हटलं, बिडाचा आहे. मग ती म्हणाली की ती परत येणार नाही. बोटीवर नाही आणि घरीही नाही. मार्चमध्ये सांगू पाहिलं, जुलैत सांगितलं, आता तोंडावर सांगायला आले. ईस्टरला डोरीनने तुझ्यासाठीही अंथरूण घातलं होतं, म्हणाली. त्या दिवशी आला असतास तर मी तुझ्याबरोबर घरी आले असते, बॅगसुद्धा भरलेली होती.

मी चहा करू का विचारलं. ती म्हणाली, गाडीची वेळ झाली.

सोडायला गेलो. स्टेशन पुलाच्या पलीकडेच आहे. मार्चपासून या यार्डात आहे, मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, विल्फ, जेवत जा नीट. माझी कॉलर सरळ केली आणि गाडीत चढली. गाडी वळणापलीकडे गेली तेव्हा छातीत दुखलं. हे दुखणं नवं नाही. फेब्रुवारीपासूनचं आहे, लिहिलं नव्हतं एवढंच.

बाकावर बसून राहिलो. बऱ्याच वेळाने उत्तरेची, स्किप्टनकडची दुसरी गाडी आली. दारं उघडी. गार्डबाईने शिट्टी तोंडाशी नेली, मला पाहून थांबली, म्हणाली, काका, चढताय ना?

मी म्हटलं, नको, माझी स्वतःची बोट आहे.