पहिली मूठ

अनगोळ, बेळगाव
सोमवार

प्रिय मंगल,

पत्र बघून तुला नवल वाटेल. फोनवर लिहिलं असतं तर तुला वाटलं असतं, हेही आरोहीच्या त्या एआयनंच लिहून दिलंय. म्हणून कागद घेतला. मॅट्रिकनंतर हिशेबाच्या वहीपलीकडं मी काही लिहिलेलं नाही, खाडाखोड होईल ती चालवून घे.

महादेव भाऊजींचं निपाणीतलं काम बरं चाललंय असं ऐकते. इथं सगळे ठीक आहेत. आरोही बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. तू गेल्यावर परसातला कढीपत्ता वाळला होता, त्याला परत फूट आलीय.

चटणीच्या पाकिटात तू चिठ्ठी घालायचीस ते मी बंद केलं, तुला आठवतच असेल. कागद वाया, वेळ वाया, मसाला काय चिठ्ठीनं खपतो, असं मी तुझ्या तोंडावर म्हणाले होते. मग तू निपाणीला गेलीस आणि व्हॉट्सॲपवर गिऱ्हाइकांना जाणारे तुझे मंगळवारचे निरोपही थांबले. वर्षभरात गिऱ्हाईक निम्मं झालं. चव तीच, मिरची तीच, ब्याडगी आणि जवारी संकेश्वरी. कंग्राळीच्या मालुबाई स्पष्टच म्हणाल्या, "चटणी हाय तशीच हाय वो, पण तुमच्या घरातनं कोण बोलतच न्हाय आता."

तेव्हा निरोप लिहायला आरोहीनं ते एआय काढलं. पहिल्या दिवशी त्यानं लिहिलं, "आपल्या स्वयंपाकघरात परंपरेचा अस्सल स्पर्श." मी म्हटलं, हे कुठल्या साडीच्या दुकानातलं बोलणं हाय गं? आरोही म्हणाली, "आई, त्याला नमुने द्यावे लागतात. जितकं देशील तितकं काकूसारखं बोलंल." मग मी त्याला शिकवायला बसले. अस्सल म्हणायचं नाही, आपण म्हणायचं नाही, तुम्ही म्हणायचं. आधी घरच्यांची विचारपूस, मग चटणी. जुन्या फोनमधले तुझे निरोप एकेक करून दिले. तो एक तुला आठवतो का, "ह्या खेपेची संकेश्वरी लई चढेल हाय, पिठल्यात आधी निम्मी घाला, मग मला शिव्या देऊ नका." पंधरा दिवसांत ते असं बोलायला लागलं की माझ्या अंगावर काटा आला. मालुबाईंचा फोन आला, "मंगल परत आली व्हय?" मी व्हय म्हणाले नाही, आणि न्हाय बी म्हणाले नाही. दोन किलोची मागणी तेवढी लिहून घेतली.

तिथंच थांबायला हवं होतं. पण निरोप संपत आले तसं बोलणं परत तेच तेच व्हायला लागलं. मला तुझी निळ्या पुठ्ठ्याची वही आठवली, चिठ्ठ्या आधी जिच्यात लिहून बघायचीस ती. कोरी पानं उरली होती म्हणून मी माळ्यावर जपून ठेवली होती. माझी काटकसर तुला ठाऊक आहे. वरची चार पानं चाळली, चिठ्ठ्याच होत्या. आरोहीच्या हातात दिली, म्हटलं सगळ्या पानांचे फोटो काढ. तू वही उलटी करून मागच्या बाजूनंही लिहीत होतीस, हे मला माहीत नव्हतं. आरोहीनं फोटो भराभर काढले, वाचले तिनंही नाहीत.

मागच्या मंगळवारचा निरोप तुलाही आला. यादीत तुझा नंबर अजून आहे, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. "आमच्या घरी मिरचीची पहिली मूठ आक्काच टाकतात. भरल्या हाताची मूठ. मी उंबऱ्यात उभी राहून बघते आणि खकाणा गेला म्हणून डोळे पुसते. चव तिथूनच येते." लोकांनी जोडलेल्या हातांची, लाल बदामांची चित्रं पाठवली. हा निरोप पाठवायच्या आधी मी वाचला होता, मंगल. माझं नाव आलं म्हणून मनातून सुखावले. दोनदा वाचला आणि आरोहीला म्हटलं, पाठव.

संध्याकाळी आरोही यादी बघत होती. म्हणाली, "काकूनं वाचलंय, पण काहीच बोलली न्हाय." तेव्हा मी वही घेतली आणि उलटी केली. मागं तू त्या कांडपाच्या दिवसाचं लिहिलं होतंस.

तुझं दुसरं मूलही पोटातच गेलं, त्याला महिना झाला होता. कांडपाच्या गिरणीत यल्लाप्पानं यंत्राला हळद-कुंकू वाहून ठेवलं होतं. मूठ तुझ्या हातात होती. मी तुझी बोटं उकलून मिरच्या माझ्या हातात घेतल्या आणि म्हणाले, यंदा तू राहू दे. पहिली मूठ लेकुरवाळीनं टाकायची, सासूबाईंपासूनची रीत, देवाचं काम, असं मी स्वतःला सांगितलं. तू उंबऱ्यात जाऊन उभी राहिलीस. मीही खकाणाच समजले. खरं सांगायचं तर, खकाणा नाही हे मला तेव्हाही कळलं होतं. महिन्याभरात तुम्ही निपाणी गाठलीत आणि मी लोकांना भाऊजींची बदली सांगत राहिले.

तुझ्या दुखण्याची मी जाहिरात केली, आणि तुलाच वाचायला पाठवली. सहा दिवस झाले, देवापुढं दिवा लावते पण डोळे मिटून उभं राहवत नाही. आजही कपिलेश्वराच्या पायरीवरूनच परत आले.

आरोहीकडून सगळे फोटो पुसून घेतले. त्या यंत्राच्या पोटातनं गेलं की नाही, ते तिलाही सांगता येत नाही. सगळ्यांना मी माझ्या शब्दांत कळवलं, की हे निरोप मंगलचे नव्हते, तिला न विचारता तिच्या वहीवरून एआयकडून लिहून घेतले होते, चूक माझी. आरोही म्हणाली ग्रामपंचायतीच्या नोटिशीसारखं झालंय. असू दे. माझं बोलणं तसंच आहे.

वही ह्या पत्रासोबत पाठवतेय. पण लिहायला बसले ते वेगळ्याच कारणासाठी. यंदाची मिरची वाळून तयार आहे, येत्या सोमवारी कांडप. यल्लाप्पाला मी सांगितलंय, मूठ मंगल टाकेल, ती आली नाही तर कुणीच टाकायची नाही, यंत्र तसंच चालू कर. तो म्हणाला, "वैनी, बरं न्हवं ते." मी म्हटलं, त्या दिवशी मी केलं ते बरं होतं का? येच असं म्हणायचं तोंड मला नाही. नाही आलीस तर निदान फोनवर दोन शब्द टाक. शिवी असली तरी चालेल. ती तुझी आहे, हे आता मला ओळखता येईल.

तुझीच,
आक्का