तिकडं इंजिन फिरवत्यात का?

दौंड, रविवार, ऑक्टोबर २००३

आज आबांचं, माझ्या वडिलांचं, मृत्यूनंतरचं पुण्यानुमोदन झालं. दौंड स्टेशनात गाडीची दिशा बदलताना इंजिन एका टोकाचं सोडून दुसऱ्या टोकाला जोडण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. कंपनीच्या ट्रेनिंगला मी जर्मनीला निघालो, तेव्हा त्यांनी एकच विचारलं, “तिकडं बी इंजिन फिरवत्यात का रं?”

सुट्टीत स्वस्तात, दिवसाच्या गाड्या बदलत कोलोनहून झुरिकला निघालो होतो. फ्रँकफुर्टला पुढं रूळच संपले. म्हटलं, इंजिन फिरेस्तोवर चहा होईल. उतरलो, तर गाडी आल्या वाटेनं चालू! तिला दोन्हीकडं इंजिन. ही फजिती फोनवर सांगितली नाही. समोर बसून आबांना हसवायचं होतं. का थांबलो मी?

संध्याकाळी स्टेशनात गेलो. मनमाडच्या गाडीचं इंजिन सुटलं, दुसऱ्या टोकाला लागलं. फलाटावर मोठ्यानं बोललोच, “आबा, तिकडं न्हाई फिरवत.”